चेतकला पुन्हा किक!

तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये जरा डोकावून बघा. दोन-चार चकाचक अ‍ॅक्टिव्हा, ईएमआयवर घेतलेली एखादी बुलेट, आणि पाण्याच्या पंपाशेजारी, निळ्या ताडपत्रीखाली ‘काहीतरी’. टायर बसलेले, सीटवर मांजर. ते काहीतरी बहुतेक वेळा बजाज चेतक असतं. आणि ‘देऊन टाका ना भंगारात’ म्हणणारं कुणी ना कुणी प्रत्येक घरात असतंच!

आमच्या डोंबिवलीतल्या बिल्डिंगमधली अशी चेतक आमचीच. मॉडेल १९८६. म्हणजे माझ्याहून मोठी.

आज ऑनलाइन मागवलेले शूज दोन दिवस लेट झाले तर आपण कस्टमर केअरला फैलावर घेतो. लायसन्स राजच्या काळात बजाजच्या स्कूटरसाठी लोक आठ-आठ, दहा-दहा वर्षं नंबर लावून बसायचे. बाबा त्याच रांगेतले. एवढं थांबून मिळालेली गाडी रोज जायची कुठे? तर स्टेशनपर्यंत. पुढे लोकल. पण रविवारी कल्याणचा दुर्गाडी किल्ला नाहीतर ठाण्याची तलावपाळी ठरलेली. पुढे उभं मूल, मागे बायको, स्टेपनीच्या बाजूला पिशवी. फॅमिली कारच ती!

थोडा इतिहास. व्हेस्पा स्प्रिंटवर बेतलेली चेतक बजाजने १९७२ मध्ये आणली. नाव महाराणा प्रतापांच्या घोड्याचं, जन्म पुण्याजवळच्या आकुर्डीचा. २००५ च्या सुमारास ती बंद झाली. २००९ मध्ये तर बजाजने स्कूटरच्या धंद्यातूनच बाहेर पडायचं जाहीर केलं. २०२० मध्ये विक्रीला आलेली नवी चेतक इलेक्ट्रिक आहे. नाव तेच, पण ना धूर ना किक.

आमची चेतक २०२२ पासून, म्हणजे बाबांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनपासून, उभीच होती. आता बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चाललीय आणि बंद गाड्या हलवा अशी नोटीस लागलीय. बाबांनी एका वाक्यात विषय संपवला, ‘चालली तर नेऊ. शोपीस म्हणून नको.’ कॅफेच्या कोपऱ्यात दिवे लावून ठेवलेल्या स्कूटर पाहून मलाही कसंतरीच होतं, तेव्हा आमचं एकमत झालं.

मॅट उचला आधी!

डोंबिवलीतल्या तीन गॅरेजवाल्यांनी टू-स्ट्रोक म्हटल्यावर हात जोडले. शेवटी कल्याणात एक काका सापडले. वय सत्तरीच्या आसपास, गॅरेज जेमतेम एका खोलीचं. मला वाटलं, आता इंजिन उघडणार. काकांनी सगळ्यात आधी पाय ठेवायच्या जागेवरची रबरी मॅट उचलली.

खाली गंजाचा नकाशा.

मोटरसायकलला वेगळा सांगाडा असतो. चेतकला नाही. तिची पत्र्याची बॉडी हाच सांगाडा. मॅटखाली पावसाचं पाणी साचतं, पत्रा आतून सडतो आणि वरून रंग मात्र झकास दिसतो. इंजिनाचं काहीही बदलता येतं. फ्लोअर गेला तर गाडीच कमकुवत झाली. म्हणून जुनी चेतक विकत घ्यायच्या विचारात असाल तर किक नंतर मारा, आधी मॅट उचला आणि खालून टॉर्च मारा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर जो पाऊस कोसळतो, त्यात तर मॅट काढून ठेवलेलीच बरी. आमच्या फ्लोअरला नवा पत्रा वेल्ड करावा लागला. पत्राकाम आणि रंगाचं बिल इंजिनाच्या दुप्पट झालं.

इंजिन त्या मानाने साधं. १४५ सीसी, ना व्हॉल्व्ह, ना ईसीयू. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलसोबत ऑइलही जळतं, कारण आतल्या भागांना वंगण मिळतं ते त्या मिश्रणातूनच. प्रमाण साधारण दोन टक्के, लिटरला २० मिली. ऑइल कमी पडलं तर पिस्टन जाम. जास्त झालं तर पांढरा धूर, प्लग काळा आणि सायलेन्सरमध्ये काजळी. ‘गाडी ओढत नाही’ या तक्रारीमागे बऱ्याचदा ही काजळीच असते. काकांनी सायलेन्सर तापवून, ठोकून साफ केला, प्लग पॉलिश पेपरने घासला, गॅप ०.६ मिलिमीटर ठेवली. जुन्या मॉडेलमधले सीबी पॉइंट झिजतात, तेही बघून घ्यायचे. गाडी एका बाजूला आडवी करून मग किक मारायची ती फेमस स्टाइल आठवतेय? काकांच्या मते कार्बोरेटर स्वच्छ असेल तर तिची गरजच नाही. (बाबांना हे अजून पटलेलं नाही.)

खरी डोकेदुखी वेगळीच निघाली, पेट्रोलची. २०२५ मध्ये आपल्या पेट्रोलमधल्या इथेनॉलचं प्रमाण २० टक्क्यांपर्यंत गेलं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की पाणी टाकीच्या तळाशी बसतं आणि टाकी आतून गंजते. जुने रबरी पाइप आणि सील तर या पेट्रोलसाठी बनलेलेच नव्हते. ते फुगतात, नाहीतर कडक होऊन तडकतात. आम्ही पेट्रोलचा पाइप, कार्बोरेटरचं किट आणि क्रँकचे ऑइल सील नवे टाकले. आणि एक शिस्त लावून घेतली: गाडी उभी केली की पेट्रोल कॉक बंद, आणि आठवड्यातून एकदा तरी चक्कर. वीकेंडला जिमऐवजी हे करा, किकने मांडीचा व्यायाम होतोच!

पार्ट मिळतात का? मिळतात. केबल, क्लच प्लेट, ब्रेक शू सहज. पिस्टन-रिंग थोडं फिरून. कंपनीचा जुना माल हवा असेल तर मात्र कुर्ल्याच्या भंगार बाजारात रविवार घालवायची तयारी ठेवा. सिलिंडर बोअर करायचा असेल तर वागळे इस्टेटमध्ये लेथवाले आहेत.

कागद विसरू नका

रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं असतं, त्यानंतर दर पाच वर्षांनी आरटीओत गाडी दाखवून नूतनीकरण आणि पर्यावरण कर. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या दुचाकीसाठी नूतनीकरणाची फी २ हजार रुपये झाली. वर हाय सिक्युरिटी नंबर प्लेट. आपली गाडी ‘व्हिंटेज’ आहे असं मिरवायचं असेल तर जरा थांबा. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार त्यासाठी गाडी पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपातली लागते, नव्या नोंदणीची फी २० हजार, आणि ती रोज चालवायला परवानगी नाही. बाबांची चेतक व्हिंटेज नाही, फक्त जुनी आहे. म्हणूनच ती भाजी आणायला जाऊ शकते.

आता ती दुसऱ्या किकला सुरू होते. हेडलाइट अजूनही इंजिनाच्या तालावर नाचतो, सिग्नलला मंद, रेस दिली की लख्ख. काका म्हणाले, हा आजार नाही, स्वभाव आहे.

काकांचा दिवाळीनंतर गॅरेज बंद करायचा विचार पक्का आहे. मुलगा मोबाइल रिपेअरिंगमध्ये आहे, त्याला काळे हात नकोत. म्हणून सध्या दर रविवारी सकाळची ट्रेन पकडून मी कल्याणला जातेय. गिअरच्या दोन्ही केबल बदलायला शिकून झालं. येत्या रविवारी क्लच उघडायचाय.