मैत्रीभावना: सुरुवात स्वतःपासून

मैत्रीभावना शिकवताना आम्ही बायांना सांगतो, "डोळे मिटा आणि मनात म्हणा, माझे भले होवो, मी निरोगी राहो." हे ऐकले की निम्म्या जणी डोळे उघडतात. कुणी पदर तोंडाला लावून हसते. कुणी विचारते, "ताई, पोरांसाठी म्हटलं तर चालंल का?" नवरा, मुले, सासूबाई, दारातली म्हैस, सगळ्यांचे भले मागता येते. स्वतःचे मागताना मात्र जीभ अडखळते. डहाणू-तलासरीच्या वस्त्यांमधून हे इतक्या वेळा पाहिले, की या महिन्यात याच अडखळण्यावर लिहायचे ठरवले.

आमच्या कामात ध्यान आले ते भूकंपामुळे. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी आणि आसपासच्या गावांना धक्के बसू लागले. १ फेब्रुवारी २०१९ रोजी तर एकाच दिवसात अनेक धक्के बसले, त्यातला मोठा ४.१ तीव्रतेचा. ऐन थंडीत माणसे घराबाहेर, तंबूत झोपत होती. तपासणीला बसलो की त्याच त्या तक्रारी: छातीत धडधड, झोप नाही, रस्त्यावरून ट्रक गेला तरी दचकायला होते. गोळ्या द्यायच्या त्यांना दिल्याच, पण सोबत आनापानसती शिकवायला लागलो. मांडी घालायचीही सक्ती नाही. खाटेवर, ओट्यावर, जिथे असाल तिथे बसा. श्वास आत, श्वास बाहेर, एक. असे दहापर्यंत मोजा. मोजणी चुकली तर पुन्हा एकपासून. जमीन हलायची थांबत नव्हती, पण श्वास सावकाश सोडला की नाडी थोडी उतरते, आणि ते बोट मनगटावर ठेवून त्यांचे त्यांनाच कळत होते.

भीती ओसरत गेली तसे खालचे दुखणे दिसायला लागले. "आपली काय लायकी", "आम्ही अडाणी, आम्हाला कोण विचारतं", ही वाक्ये आम्ही रोज ऐकतो. केसपेपरच्या खिडकीशी नंबर आपला असताना मागच्याला पुढे जाऊ देणारी बाई आपलीच असते. आडनाव सांगताना आवाज बारीक करणारी कॉलेजातली मुलगीही आपलीच. आरोग्याच्या पानावर हे कशासाठी, असे कुणी विचारील. अहो, जी स्वतःला कमी लेखते ती सगळ्यांचे झाल्यावर उरलेसुरले जेवते, लोहाच्या गोळ्या फळीवर तशाच ठेवते, छातीत गाठ लागली तरी आठ-आठ महिने कुणाला दाखवत नाही. न्यूनगंडाने माणसे आजारी पडतात, आणि आजार अंगावर काढून दगावतातही.

हा न्यूनगंड कुणाच्या स्वभावातला दोष नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या जे ऐकवले गेले ते मनात घर करून राहिले आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी धम्म दिला आणि आपली मान ताठ झाली. जयंतीच्या मिरवणुकीत ती ताठ असतेही. पण साहेबाच्या टेबलासमोर, दुकानात, दवाखान्यात एकटे उभे राहिलो की जुना आवाज परत बोलू लागतो. तो आवाज ओळखायचा कसा? त्यासाठी थोडे शांत बसावे लागते.

मैत्रीभावनेचे टप्पे पाच. आधी स्वतः, मग जिवलग मित्र किंवा मैत्रीण, मग ओळखीचे पण ना आवडते ना नावडते असे माणूस, मग ज्याच्याशी पटत नाही ते माणूस, आणि शेवटी सगळे प्राणिमात्र. बुद्धघोषांनी पाचव्या शतकात विसुद्धिमग्गात हाच आरंभ सांगितला आहे. कारणही साधे आहे: मला सुख हवे, दुःख नको, तसेच समोरच्यालाही. स्वतःला साक्षी ठेवल्याशिवाय दुसऱ्याचे कळणार कसे? तेव्हा स्वतःचे भले चिंतणे म्हणजे स्वार्थ, असा गैरसमज नको. बाबासाहेबांना प्रत्यक्ष भेटलेले भदंत संघरक्षित यांच्या संघाने, म्हणजे आज ज्याला त्रिरत्न बौद्ध महासंघ म्हणतात त्याने, १९७८ नंतर पुण्यातून काम सुरू केले आणि आनापानसती व मैत्रीभावना या दोन्ही साधना महाराष्ट्रातल्या आपल्या वस्त्यांपर्यंत नेल्या. भाजे लेण्यांजवळच्या केंद्रात आजही शिबिरे होतात.

पहिल्याच पायरीवर अडणाऱ्या बायांसाठी आम्ही क्रम जरा वळवतो. आधी आपले लेकरू डोळ्यांपुढे आणा. त्याच्यासाठी मन भरून आले की त्याच्या शेजारी स्वतःला बसवा. तेही जमेना तर या आठवड्यात आपल्या हाताने केलेले एक चांगले काम आठवा. चिकूच्या वाडीत मजुरी करणारी एक जण बराच वेळ गप्प होती. शेवटी म्हणाली, "रात्री शेजारणीच्या कळा सुरू झाल्या, रिक्षा नव्हती, मीच गाडी मिळंपर्यंत तिच्यासंगं चालले." मग हे करणारी बाई भल्याची धनी नाही का? ती रडली. काही आठवड्यांनी स्वतः होऊन आली आणि म्हणाली, वर्षभर अंगावरून जास्त जातंय, माझी तपासणी करा. रक्त फारच कमी भरले. उपचार सुरू झाले. ध्यानाने तिचे रक्त वाढले नाही, ते औषधाने वाढले. पण औषधापर्यंत ती स्वतःच्या पायांनी आली.

तरुण मुले विचारतात, डोळे मिटून जात जाते का? नाही जात. त्यासाठी शिक्षण, संघटन आणि रस्त्यावरची लढाईच लागते. पण आपल्याच जिल्ह्यातल्या सोपाऱ्याचा पुण्ण आठवा. सुनापरान्ताची माणसे कठोर आहेत, शिव्या देतील, मारतील, मग काय करशील, असे तथागतांनी त्याला विचारले होते. त्याच्या उत्तरांत कुठेही भीती नव्हती, की स्वतःबद्दल हलकेपणा नव्हता. तो इथे आला आणि त्याच वर्षावासात पाचशे उपासक आणि पाचशे उपासिका उभ्या केल्या, असे सुत्तात आहे. मन स्थिर असलेला माणूस घरी बसला नाही, कामाला लागला. बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये मैत्रीला करुणेच्या पुढे नेऊन ठेवले आहे.

एक गोष्ट मात्र ठासून सांगतो. मैत्री म्हणजे सहन करणे नव्हे. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला आम्ही चौथा टप्पा देतच नाही. तिच्यासाठी आधी १८१ किंवा ११२ नंबर, २००५ च्या कायद्याखालील संरक्षण अधिकारी आणि सोबतीला चार बाया. मारणाऱ्याबद्दल मैत्री तिने कधी करायची, करायची की नाही, ते तिचे तिने ठरवावे.

बीपी, साखर, फिट्स यांच्या गोळ्या ध्यान सुरू केले म्हणून बंद करू नयेत. कानात आवाज येत असतील, महिनोन्‌महिने उदास वाटत असेल, जीव नकोसा झाला असेल, तर लांब बैठकी आणि दहा दिवसांची शिबिरे डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. टेली मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येते. फोन केला म्हणजे वेड लागले असे होत नाही.

वर्षावासात विहारात ग्रंथवाचन असतेच. वंदना झाली की वाचनाआधी दहा मिनिटे ठेवा: पाच श्वासाची, पाच मैत्रीची. पाठ भिंतीला टेकली तरी चालते, गुडघे दुखणाऱ्यांना खुर्ची द्या. लहान मुले मध्येच आवाज करतील, करू द्यात.