दोन अणुकेंद्रके भिडतात तेव्हा

कॅल्शियम-४०चे अणुकेंद्रक युरेनियम-२३८वर आदळले, की काही झेप्टोसेकंदांत निकाल लागतो. सेकंदाला एकावर एकवीस शून्ये मांडून भागले, की झेप्टोसेकंद मिळतो. मुंबईत कुलाब्याला टीआयएफआरच्या आवारात १९८८पासून चालणाऱ्या पेलेट्रॉनसारख्या त्वरकांवर अशा टकरी घडवतात. पण डिटेक्टरच्या हाती लागतात ते सगळे आटोपल्यावर उडालेले तुकडे आणि किरण. मधली हकीकत गणितानेच सांगावी लागते.

या टकरीत प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून २७८ कण आहेत, आणि त्यांची समीकरणे तंतोतंत सोडवणे कोणत्याही महासंगणकाच्या आवाक्याबाहेरचे आहे. वाट १९३०मध्ये डिरॅकने दाखवली होती: प्रत्येक कण इतरांनी मिळून घडवलेल्या सरासरी क्षेत्रात फिरतो, आणि कण हलले की क्षेत्रही बदलते. स्कर्मने १९५०च्या दशकात हे क्षेत्र काढायला सोयीचे, सुटसुटीत केंद्रकीय बल सुचवले. बाँश, कूनिन आणि नेगेले यांनी १९७६मध्ये टक्कर गणितात उतरवली, तीही एकाच मितीत, सपाट थरांची! आज त्रिमितीय जाळ्यावर, साधारण एकेका फेम्टोमीटरच्या अंतराने, प्रत्येक कणाचे तरंगफल मांडतात. एका झेप्टोसेकंदासाठी दीडेक हजार पावले टाकावी लागतात.

टकरींपेक्षा एकट्या केंद्रकाची कंपने त्यामानाने सोपी. शिसे-२०८च्या प्रोटॉनांना एका बाजूला आणि न्यूट्रॉनांना दुसऱ्या बाजूला हलकासा धक्का द्यायचा आणि दोन्ही गट एकमेकांविरुद्ध कसे झुलतात ते पाहत राहायचे. या झुलण्याच्या आलेखातून सुमारे १३.५ एमईव्हीचा (दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टचा) अनुनाद मिळायला हवा. तसला अनुनाद प्रयोगात १९४७मध्येच दिसला होता.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो ऑक्सिजनचा किस्सा. सुरुवातीच्या गणितांत ऑक्सिजन-१६ची दोन केंद्रके पुरेशा ऊर्जेने समोरासमोर आदळली, की एकजीव होण्याऐवजी एकमेकांतून आरपार निघून जात. प्रयोगांत असे काही आढळेना. सरासरी क्षेत्राची कल्पनाच लंगडी आहे, असा संशय बळावला. पण स्पिन आणि कक्षीय गती यांना जोडणारे बल आकडेमोड आवरण्यासाठी वगळले होते. ते वगळणे निर्धोकही वाटत होते, कारण स्वस्थ ऑक्सिजन-१६मध्ये त्याचा परिणाम जवळजवळ शून्य असतो. १९८६मध्ये उमर, स्ट्रेयर आणि राइनहार्ड यांनी ते परत घातले. टक्कर सुरू होताच ते जागे होते आणि धावण्याची ऊर्जा केंद्रकांच्या अंतर्गत हालचालींत जिरवते. केंद्रके एकजीव होऊ लागली. कल्पना शाबूत होती. सोयीसाठी केलेली काटछाट नडली होती.

युरेनियमच्या टकरीत दिशेला महत्त्व येते, कारण ते केंद्रक लांबट आहे. टोकावर आदळलेले कॅल्शियम थोडा वेळ चिकटते, बऱ्याच कणांची अदलाबदल होते आणि जोडी पुन्हा तुटते. एक तुकडा बऱ्याचदा शिशाच्या आसपासचा निघतो. कुशीत आदळले, तर मीलनाची शक्यता वाढते. रशियातल्या दुब्नासारख्या ठिकाणी अतिजड मूलद्रव्ये घडवताना हीच अर्धवट मीलने आडवी येतात.

एक गाठ मात्र सुटलेली नाही. विद्युत प्रतिकर्षणाच्या अडथळ्याहून कमी ऊर्जा असतानाही केंद्रके पुंजयांत्रिकी बोगद्यातून पलीकडे जाऊन एकत्र येतात. सरासरी क्षेत्राच्या गणितात ती जात नाहीत. अडथळ्यापाशी येऊन परत फिरतात. म्हणून या गणितातून अडथळ्याचा आकार काढतात आणि बोगद्याची शक्यता वेगळ्या, एकमितीय सूत्राने मोजतात. उत्तरे पुष्कळदा प्रयोगाशी जुळतात. तरीही दोन स्वतंत्र हिशेबांची ही जोडणी मला अपुरी वाटते. अख्खे केंद्रक अडथळा पार करताना त्यातले कण काय करतात, हे या जोडणीतून कळत नाही.