शासननियुक्त मारेकरी आणि वाचक : एका लोकप्रिय कादंबरीप्रकाराच्या आकर्षणाची मीमांसा

प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजी लोकप्रिय साहित्यात जे कादंबरीप्रकार स्थिरावले, त्यांत शासनाच्या आदेशावरून हत्या करणाऱ्या नायकाच्या थरारक कादंबरीला लक्षणीय स्थान आहे. इयान फ्लेमिंग यांच्या जेम्स बाँडपासून मार्क ग्रीनी यांच्या ‘ग्रे मॅन’पर्यंत ही परंपरा सात दशकांहून अधिक काळ चालत आली आहे. मूळ लेखकाच्या निधनानंतरही अशा मालिका थांबत नाहीत. व्हिन्स फ्लिन यांचे २०१३ मध्ये निधन झाले, तरी त्यांचा नायक मिच रॅप अन्य लेखकांच्या हातून पुढे चालू राहिला.

या लोकप्रियतेत एक विसंगती दडलेली आहे. आरोप सिद्ध झाल्याखेरीज कोणालाही शिक्षा होऊ नये असे मानणारा, बनावट चकमकीच्या वृत्ताने अस्वस्थ होणारा सुशिक्षित वाचकच ही कादंबरी हाती घेतो आणि तिच्या अखेरीस घडणाऱ्या हत्येची उत्कंठेने वाट पाहतो. हिंसेचे आकर्षण हे या विसंगतीचे उत्तर म्हणून पुरेसे नाही. कारण हिंसा युद्धकादंबरीत आणि गुन्हेगारी कथेतही असते. या कादंबरीचे आकर्षण हिंसेत नसून त्या हिंसेला निःशंक करणाऱ्या रचनेत आहे, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

संकल्पना व व्याप्ती

प्रथम एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. फ्रेडरिक फोर्सिथ यांच्या ‘द डे ऑफ द जॅकल’ (१९७१) या कादंबरीतील मारेकरी फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांच्या हत्येसाठी एका बंडखोर संघटनेने भाड्याने घेतलेला आहे. वाचक त्याच्या कौशल्याने थक्क होतो. परंतु त्याच्या कृत्याचे समर्थन वाचकाला करावे लागत नाही. शासननियुक्त मारेकऱ्याची गोष्ट वेगळी आहे. तो वाचकाच्याच बाजूचा, कायदा राखणाऱ्या संस्थेचा सेवक असतो आणि कायद्याबाहेर जाऊन वध करतो. त्यामुळे समर्थनाचा प्रश्न येथे टाळता येत नाही.

भारतीय वाचकाला ही संकल्पना सर्वस्वी अपरिचित नाही. कौटिलीय अर्थशास्त्रात गुप्तचरांच्या वर्गवारीत ‘तीक्ष्ण’ म्हणजे मारेकरी आणि ‘रसद’ म्हणजे विषप्रयोग करणारा यांना स्वतंत्र स्थान आहे. द्रव्यासाठी जिवाची पर्वा न करता हत्तीशी वा श्वापदाशी झुंजणाऱ्या शूरांमधून तीक्ष्ण निवडावेत, असे तेथे सांगितले आहे. गुप्तपणे दिल्या जाणाऱ्या शिक्षेला ‘उपांशुदंड’ अशी संज्ञाही आहे. तथापि हा ग्रंथ राजाच्या दृष्टीने लिहिलेला असल्यामुळे तीक्ष्णाच्या मनात काय चालते, हा प्रश्न तेथे उद्भवत नाही. आधुनिक थरारक कादंबरीने नेमक्या याच अनामिक सेवकाला कथेच्या केंद्रस्थानी आणले.

आकर्षणाची कारणे

१) दोषाची निश्चिती : या कादंबऱ्यांत ज्याचा वध व्हायचा आहे, त्याचा अपराध वाचकाने बहुधा आधीच पाहिलेला असतो. प्रारंभीच्या प्रकरणांत खलनायकाचे मनोगत, त्याचा कट, त्याने घेतलेले निरपराधांचे बळी हे सर्व निवेदक वाचकापुढे मांडतो. वाचक हा एकाच वेळी साक्षीदार आणि न्यायाधीश बनतो. न्यायालयाला जे पुराव्यांवरून अनुमानाने ठरवावे लागते, ते वाचकाला सर्वज्ञ निवेदकाकडून आयते मिळते. अशा वेळी खटला, बचाव, अपील ही सारी प्रक्रिया त्याला निरर्थक विलंबासारखी भासते.

ही निश्चिती अधिक दृढ करण्यासाठी लेखक प्रत्यक्ष घटनांचा आधार घेतात. २१ डिसेंबर १९८८ रोजी स्कॉटलंडमधील लॉकर्बी येथे पॅन ॲम कंपनीच्या विमानात झालेल्या स्फोटात २७० जण मृत्युमुखी पडले. त्यांत सिरॅक्यूज विद्यापीठाचे ३५ विद्यार्थी होते. मिच रॅपची प्रेयसी याच विमानात होती, असे फ्लिन यांनी कल्पिले. डॅनियल सिल्वा यांच्या ‘द किल आर्टिस्ट’ (२०००) या कादंबरीपासून सुरू झालेल्या मालिकेचा नायक गॅब्रिएल ॲलॉन हा १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमधील इस्रायली खेळाडूंच्या हत्याकांडाचा सूड घेणाऱ्या पथकातील एक होता. वाचकाच्या मनातील खरे दुःख अशा प्रकारे काल्पनिक वधाच्या पाठीशी उभे केले जाते.

२) जबाबदारीचे हस्तांतरण : ‘कॅसिनो रॉयल’ (१९५३) या पहिल्याच कादंबरीत बाँडचा दोन शून्यांनी सुरू होणारा क्रमांक हा कर्तव्य बजावताना केलेल्या दोन हत्यांमुळे मिळालेला आहे. हत्या ही येथे एखाद्या पदाची अर्हता ठरते. वधाचा निर्णय वरिष्ठांचा, कृती कनिष्ठाची. त्यामुळे पापाचा भार नेमका कोणाच्याच शिरावर राहत नाही. वाचक तर या साखळीच्याही बाहेर असतो.

हा प्रश्न केवळ कल्पितातला नाही. सोव्हिएत गुप्तचर संस्थेच्या बोहदान स्ताशिन्स्की याने म्युनिक येथे १९५७ मध्ये लेव्ह रेबेट आणि १९५९ मध्ये स्तेपान बांदेरा या युक्रेनी नेत्यांना विषारी फवारा सोडणाऱ्या हत्याराने ठार केले. १९६१ च्या ऑगस्टमध्ये तो पश्चिमेकडे पळून आला आणि त्याने गुन्हा कबूल केला. १९६२ मध्ये पश्चिम जर्मनीच्या न्यायालयाने मुख्य अपराध त्याला आदेश देणाऱ्यांचा मानून त्याला साहाय्यक ठरवले आणि आठ वर्षांची शिक्षा दिली. थरारक कादंबरीचा वाचक नायकाविषयी मनोमन जो निवाडा देतो, त्याचेच हे न्यायालयीन रूप म्हणावे लागेल. फरक इतकाच की, या खटल्यातील मारेकरी शत्रुपक्षाचा होता आणि त्याला शिक्षाही झाली.

३) नोकरदाराची कथा : या नायकाला वरिष्ठ असतो, कार्यालय असते, अहवाल आणि रजा असतात, वरिष्ठांची मर्जी व नाराजीही असते. संस्थेत काम करणाऱ्या आधुनिक वाचकाला या जगाची ओळख पटते. मात्र वाचकाचे काम अनेक टेबलांवरून फिरत अनिर्णीत राहते, तर नायकाचे काम एका निश्चित क्षणी पूर्ण होते. शस्त्रे, पारपत्रे, मार्ग आणि वेळा यांच्या तपशिलांनी भरलेली पाने ही कार्यक्षमतेची पाने आहेत. शासनसंस्थेच्या दिरंगाईला कंटाळलेल्या नागरिकाला, निदान एक तरी विभाग अचूक काम करतो, असे समाधान त्यांतून लाभते.

संशयाचा समांतर प्रवाह

या प्रकारातील समर्थ लेखकांनी मात्र ही निःशंकता पूर्णपणे स्वीकारलेली नाही. ‘कॅसिनो रॉयल’मध्येच रुग्णशय्येवरील बाँड नायक आणि खलनायक यांतील सीमारेषा पुसट होत असल्याचे सांगून राजीनाम्याचा विचार बोलून दाखवतो. डोनाल्ड हॅमिल्टन यांच्या ‘डेथ ऑफ अ सिटिझन’ (१९६०) मध्ये दुसऱ्या महायुद्धात मारेकरी असलेला मॅट हेल्म पत्नी व मुलांसह न्यू मेक्सिकोत स्थिरावलेला असतो. जुने कौशल्य वापरून तो आपल्या अपहृत मुलीला सोडवतो. परंतु ते वापरताना पत्नीने त्याला पाहिलेले असते आणि संसार मोडतो. ज्याचा मृत्यू शीर्षकात सांगितला आहे, तो ‘नागरिक’ म्हणजे स्वतः हेल्म होय.

जॉन ल कारे यांनी ‘द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड’ (१९६३) मध्ये निश्चितीच्या मुळावरच घाव घातला. पूर्व जर्मन गुप्तचर यंत्रणेतील क्रूर अधिकारी मुंट याच्या नाशासाठी आपल्याला पाठवले आहे, अशी लीमासची समजूत असते. प्रत्यक्षात मुंट हा ब्रिटनचाच माणूस असून त्याला वाचवणे हा मोहिमेचा हेतू असतो. ट्रेव्हेनियन या टोपणनावाने लिहिणारे रॉडनी व्हिटेकर हे टेक्सास विद्यापीठातील प्राध्यापक होते. त्यांच्या ‘द आयगर सँक्शन’ (१९७२) चा नायकही कलेचा प्राध्यापक असून चित्रे विकत घेण्यासाठी तो हत्या करतो. ‘मंजुरी’ या कार्यालयीन शब्दाआड वध लपवणाऱ्या भाषेचे ते विडंबन होते. अनेकांनी मात्र ते सरळ थरारकथा म्हणूनच वाचले.

रॉबर्ट लडलम यांच्या ‘द बोर्न आयडेंटिटी’ (१९८०) चे उदाहरण विशेष बोलके आहे. स्मृती गमावलेल्या नायकाला आपण मारेकरी असल्याचा संशय येतो. कादंबरीच्या अखेरीस मात्र, कार्लोस या दहशतवाद्याला उघड्यावर आणण्यासाठी त्याने मारेकऱ्याचे केवळ सोंग घेतले होते, असे उघड होते आणि वाचकाची अपराधभावना दूर होते. २००२ च्या चित्रपटात ही सुटका नाही; तेथील बोर्न खरोखरच शासनाचा मारेकरी आहे आणि मुले समोर दिसताच त्याचा हात थबकतो. ग्रीनी यांच्या ‘द ग्रे मॅन’ (२००९) मधील कोर्ट जेंट्री याच्यावर तर त्याची पूर्वीची संस्थाच उलटलेली आहे. शासनावरील विश्वास डळमळला, तरी वाचकाने मारेकऱ्याला सोडले नाही. त्याने केवळ आदेश देणाऱ्याला खलनायक केले. दोषाची निश्चिती कायम राहिली, तिची दिशा तेवढी बदलली.

वास्तवाची कसोटी

ज्या निश्चितीवर हे आकर्षण उभे आहे, ती वास्तवात क्वचितच लाभते. म्युनिकच्या सूडमोहिमेत २१ जुलै १९७३ रोजी नॉर्वेतील लिलेहॅमर येथे इस्रायली पथकाने अहमद बुशिकी या मोरोक्कन वंशाच्या वेटरला ठार केले. अली हसन सलामे हाच तो, अशी त्यांची समजूत झाली होती. बुशिकी आपल्या गर्भवती पत्नीसह चित्रपट पाहून घरी परतत होता. इस्रायलने १९९६ मध्ये जबाबदारी मान्य न करता त्याच्या कुटुंबाला भरपाई दिली.

आदेशाच्या स्पष्टतेची स्थितीही वेगळी नाही. सिनेटर फ्रँक चर्च यांच्या अध्यक्षतेखालील अमेरिकी समितीने नोव्हेंबर १९७५ मध्ये परकीय नेत्यांच्या हत्येच्या कटांविषयी अहवाल दिला. १९६० ते १९६५ या काळात फिडेल कॅस्ट्रो यांच्याविरुद्ध किमान आठ कट रचले गेल्याचे त्यात नमूद आहे. मात्र त्यांना सर्वोच्च पातळीवर कोणी मान्यता दिली, हे समितीला खात्रीने सांगता आले नाही. कारण वरिष्ठांना नाकबुली देता यावी, अशाच रीतीने आदेशांची भाषा संदिग्ध ठेवली जात असे. त्यानंतर १९७६ मध्ये अध्यक्ष फोर्ड यांनी राजकीय हत्यांना मनाई करणारा आदेश काढला आणि १९८१ मध्ये अध्यक्ष रेगन यांच्या आदेशात ती मनाई कायम राहिली. पुढे शब्द बदलले. ३० सप्टेंबर २०११ रोजी अन्वर अल-अवलाकी हा अमेरिकी नागरिक येमेनमध्ये ड्रोनहल्ल्यात मारला गेला. हा हल्ला रोखण्यासाठी त्याच्या वडिलांनी केलेला दावा न्यायालयाने डिसेंबर २०१० मध्येच फेटाळला होता.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, शासननियुक्त मारेकऱ्याची कादंबरी वाचकाला तीन गोष्टी देते : दोषाविषयीची खात्री, जबाबदारीपासून मुक्ती आणि पूर्ण झालेल्या कामाचे समाधान. यांपैकी खात्री ही पायाभूत आहे. ती काढून घेतली की नायकाचे कौशल्य भयावह वाटू लागते आणि वरिष्ठांचा आदेश हा केवळ एक कागद उरतो. लिलेहॅमरच्या रस्त्यावर हेच घडले.

अभ्यासक्रमाबाहेर विद्यार्थी ज्या कादंबऱ्या आवडीने वाचतात, त्यांत या प्रकाराचाही समावेश असतो. त्यांना हलके साहित्य म्हणून दूर सारण्यापेक्षा वर्गात एक प्रश्न विचारणे अधिक फलदायी ठरेल : खलनायकाचा अपराध दाखवणारी प्रकरणे वगळून ही कादंबरी वाचली, तर शेवटची गोळी तितकीच न्याय्य वाटते काय? प्रत्यक्ष जीवनात नागरिकाच्या हाती ती प्रकरणे कधीच नसतात. त्याच्या हाती असते ते शासनाचे निवेदन, आणि त्याची तपासणी करण्यासाठीच न्यायालये असतात.