मांसवर्ग आणि वैद्याचा विवेक

आयुर्वेदात मांस चालते की नाही, हा प्रश्न चिकित्सालयात, व्याख्यानानंतर, कधी औषधालयाच्या गल्ल्यापाशीही आम्हांस विचारला जातो. विचारणाऱ्यास बहुधा एका शब्दात उत्तर हवे असते. संहिता मात्र तसे उत्तर देत नाहीत. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या २५व्या अध्यायात शरीरपुष्टी करणाऱ्या द्रव्यांत मांसास अग्रस्थान दिले. त्याच सूत्रस्थानाच्या ३०व्या अध्यायात प्राण वाढविणाऱ्या भावांत अहिंसेस सर्वश्रेष्ठ म्हटले. ही दोन विधाने परस्परविरोधी आहेत असे वरवर वाचणाऱ्यास वाटेल. वस्तुतः पहिले विधान द्रव्याच्या गुणाचे आहे आणि दुसरे जीवनमूल्याचे. या दोहोंमध्ये उभा राहून निर्णय करावयाचा तो वैद्याने.

उगमाचा विचार शास्त्रातच आहे

मांस कोठून आले हा प्रश्न अलीकडचा, पाश्चात्त्यांकडून आलेला, असा अनेकांचा समज असतो. तो दूर करावा असे आम्हांस वाटते. अन्नपानविधीच्या २७व्या अध्यायात मांसाचे आठ प्रकार सांगितले आहेत: प्रसह, भूमिशय, आनूप, वारिशय, वारिचर, जांगल, विष्किर आणि प्रतुद. ही नावे प्राणी कोठे राहतो व कसा खातो यावरून पडली आहेत. म्हणजे वर्गीकरणाचा पायाच प्राण्याच्या जगण्यावर रचलेला आहे.

याच अध्यायात पुढे परीक्षणाचे मुद्दे येतात. त्यांत पहिला मान ‘चर’ या शब्दास आहे. चर म्हणजे प्राण्याचा वावर आणि त्याचे भक्ष्य. पाणथळ जागी राहून जड अन्न खाणाऱ्याचे मांस गुरू, तर कोरड्या माळावर हिंडून हलके खाणाऱ्याचे लघू. त्यानंतर अवयव, स्वभाव, धातू, क्रिया, लिंग, प्रमाण, संस्कार आणि मात्रा. क्रियेविषयीचा संकेतही स्पष्ट आहे: आळशी प्राण्यापेक्षा पुष्कळ हालचाल करणाऱ्याचे मांस पचावयास हलके.

त्याज्य मांसाची यादी तर आजच्या निरीक्षकाने भिंतीवर लावावी अशी आहे. आपोआप मेलेला, कृश, अतिमेदस्वी, वृद्ध, अगदी कोवळा, विषाने मेलेला, हिंस्र श्वापदाने वा सर्पाने मारलेला आणि आपल्या स्वाभाविक प्रदेशाबाहेर वाढविलेला, म्हणजेच ‘अगोचरभृत’, अशा प्राण्याचे मांस टाकावे असे आचार्य सांगतात. प्राण्याचे जगणे बिघडले की त्याचे मांस बिघडते, हा या यादीचा मथितार्थ आहे.

आजचे अगोचरभृत

या कसोट्या आजच्या बाजाराला लावून पाहाव्यात. ब्रॉयलर कोंबडी पाच-सहा आठवड्यांत सुमारे दोन किलो वजनाची होते. तिचे आयुष्य बंदिस्त शेडमध्ये, दाटीवाटीत आणि तयार खाद्यावर जाते. तिला चर नाही, क्रिया नाही. वयाने ती पिल्लूच असते. ग्रंथातील कुक्कुटाचे गुण उकरून खाणाऱ्या विष्किर पक्ष्याचे आहेत. ते जसेच्या तसे या कोंबडीवर चिकटविणे शास्त्रशुद्ध नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. उलट माळावर बाभळीच्या शेंगा व बोरीचा पाला खाऊन वाढलेली उस्मानाबादी शेळी ग्रंथोक्त अजमांसाच्या वर्णनाशी पुष्कळ जवळची आहे.

औषधांचा प्रश्न याहून गंभीर आहे. कोलिस्टिन हे मानवी चिकित्सेत शेवटचा आधार म्हणून राखलेले प्रतिजैविक कोंबड्यांच्या खाद्यात मिसळले जात होते. केंद्र शासनाने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांकरिता त्यावर बंदी घातली.

मृत जनावराच्या शरीरात उरलेले औषध खाणाऱ्याचे काय करते, याचे ढळढळीत उदाहरण गिधाडांनी दिले आहे. डायक्लोफिनॅक दिलेल्या गुरांचे मृतदेह खाऊन त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. १९९०च्या दशकापासून भारतातील जिप्स कुळातील तीन जातींची संख्या ९० टक्क्यांहून अधिक घटली. कारण २००४ मध्ये उजेडात आले आणि २००६ मध्ये या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. विषाने मेलेल्या प्राण्याचे मांस टाकावे, या आज्ञेची व्याप्ती यावरून ध्यानात यावी.

कायद्याची बाजू

पशुक्रूरता प्रतिबंधक कायदा १९६०चा, आणि त्याखालील कत्तलखाना नियम २००१चे. गाभण जनावर, तीन महिन्यांहून लहान पिल्लू असलेली मादी आणि तीन महिन्यांहून लहान जनावर मारू नये. मारण्यापूर्वी पशुवैद्यकाने तपासावे. जनावरास विश्रांती द्यावी. एका जनावराची हत्या दुसऱ्याच्या डोळ्यांदेखत करू नये, असे हे नियम सांगतात. रुग्णास मांसरस लिहून देणाऱ्या वैद्यास हे नियम ठाऊक असले पाहिजेत. आपल्या चिठ्ठीमुळे एक जीव जाणार असेल, तर तो कसा जातो हे न पाहणे आम्हांस अप्रामाणिकपणाचे वाटते.

छद्म की संमती?

राजयक्ष्मा चिकित्सेत एक अवघड स्थळ आहे. शोषाच्या रुग्णास गिधाड व घुबड मोराच्या नावाने, कावळा तित्तिराच्या नावाने, सर्प एका माशाच्या नावाने द्यावा, असे तेथे सांगितले आहे. कारणही दिले आहे: खरे कळले तर किळस येऊन तो खाणार नाही, किंवा खाल्लेले ओकून टाकील.

या पक्ष्यांना व सर्पांना आज वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२चे संरक्षण आहे. त्यामुळे तो प्रयोग व्यवहारातून गेलाच आहे. पण त्यामागची फसवणूक इतिहासजमा झाली आहे काय? मन नाकारते ते शरीर स्वीकारत नाही, हे आचार्यांनी त्या ठिकाणी मान्य केले आहे. आहारविधीतही मन लावून, मनास इष्ट असे अन्न खावे असा उपदेश आहे. मग रुग्णाच्या श्रद्धेविरुद्ध काही पोटात घालणे आज कोणत्याही आधाराने समर्थनीय ठरत नाही.

क्षयामुळे खंगलेला एखादा माळकरी वृद्ध येतो. त्याची क्षयाची आधुनिक औषधे अखंड चालू ठेवून बृंहण करावयाचे असते. त्याच्या गळ्यातील तुळशीमाळ पाहिल्यावर मांसरसाचा आग्रह धरण्याचे कारण उरत नाही. दूध, तूप, माष, खजूर, अश्वगंधा, शतावरी, विदारी यांनी पुष्कळ काम होते. याउलट कोकणातील एखाद्या कोळी भगिनीस मासे सोडावयास लावून तिचे सात्म्य मोडणे हाही अविवेकच. जून-जुलैत मासेमारी बंद ठेवून नारळी पौर्णिमेस समुद्राची पूजा करणारा हा समाज उगमाचा आदर आपल्या रीतीने पाळतच आहे.

औषधालयाच्या फळीवर

औषध निर्मात्यांना व विक्रेत्यांना येथे विशेष विनंती करावयाची आहे. छद्माचा खरा प्रश्न आज त्यांच्या फळीवर आहे.

१. कठीण कॅप्सूलचे कवच बहुधा जिलेटिनचे, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यापासून बनलेले असते. आतले चूर्ण शंभर टक्के वनस्पतिज असले तरी औषध शाकाहारी ठरत नाही. वनस्पतिज सेल्युलोजचे कवच मिळते. ते महाग पडते, पण विचारणाऱ्या ग्राहकास हा पर्याय मिळालाच पाहिजे.

२. खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर शाकाहार-मांसाहाराची खूण सक्तीची आहे. औषधांवर तशी सक्ती नसली तरी आपण होऊन ती छापण्यास कोणाची आडकाठी नाही.

३. छागलाद्य घृत, अजमांस रसायन असे कल्प देताना प्रथम रुग्णाची संमती घ्यावी. शंखभस्म, मुक्ताशुक्तिभस्म यांचा उगमही विचारल्यास स्पष्ट सांगावा.

४. मृगशृंग ‘गळून पडलेले आहे’ असे सांगून विकले जाते. गळून पडलेले असले तरी हरणांच्या शिंगांचा व्यापार कायद्यास मान्य नाही. कस्तुरीच्या जागी लताकस्तुरी वापरल्यास तसे लेबलवर नमूद करावे.

५. मांसरस सुचविताना चिठ्ठीवर प्राणी, त्याचे पालन, मात्रा आणि कालावधी हे चारही लिहावेत. बल परत आले की तो थांबवावा.

मांसाहारी आणि शाकाहारी असे दोन तट पाडून एकाची बाजू घेणे हे वैद्याचे काम नव्हे. खाणाऱ्याने कोणाच्या जीवावर आपले पोषण होते हे जाणून, गरजेपुरते आणि काहीही वाया न घालविता खावे. न खाणाऱ्यास त्याच्या नकळत काहीही दिले जाऊ नये. एवढे दोन नियम आपण आपापल्या चिकित्सालयांत व औषधालयांत पाळले, तरी मांसवर्ग आणि अहिंसा एकाच संहितेत का आहेत, हे रुग्णास वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.