युद्धाला विरोध आणि सैनिकाला साथ: दोन्ही एकदम जमतं का?

गडहिंग्लजमध्ये हा विषय मांडताना आम्हाला जरा जपूनच बोलावं लागतं. इथं कुणाचा मुलगा सीमेवर आहे, तर कुणाचे वडील बेळगावच्या मराठा सेंटरमधून पलटणीत गेले आणि आता पेन्शनवर आहेत. अशा घरात 'अमुक युद्ध चूक आहे' म्हटलं की लगेच प्रश्न येतो, 'मग आमचा पोरगा तिथं चुकीचं काम करतोय काय?' प्रश्न रास्त आहे. आज त्याचंच उत्तर शोधू.

त्यासाठी आजच्या रायगड, म्हणजे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातली दोन माणसं घेऊ. पेण तालुक्यातल्या गागोद्याचे विनोबा भावे आणि माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे यशवंत घाडगे. सप्टेंबर १९३९ मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगोंनी इथल्या लोकप्रतिनिधींना न विचारता हिंदुस्थानला युद्धात ओढलं. काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. पुढं १७ ऑक्टोबर १९४० ला पवनारला विनोबांनी वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला. या युद्धाला माणूस देऊ नका, पैसा देऊ नका, एवढंच ते सांगत होते. चार दिवसांत त्यांना अटक झाली.

घाडगे मराठा लाइट इन्फंट्रीत नाईक होते. १० जुलै १९४४ ला इटलीत, टायबर नदीच्या खोऱ्यात, मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतले बाकी सगळे मेले किंवा जखमी झाले. ते एकटे त्या ठाण्यावर धावून गेले, ते त्यांनी निकामी केलं आणि तिथंच पडले. वय अवघं बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

आता विनोबांना मानायचं तर घाडग्यांना कमी लेखावं लागतं का? आम्हाला तसं वाटत नाही. विनोबांचा प्रश्न होता, हे युद्ध कुणी आणि कुणाला विचारून ठरवलं? घाडग्यांपुढचा प्रश्न होता, साथीदार पडलेत, आता मी काय करू? मायकेल वॉल्झर यांनी १९७७ च्या आपल्या ग्रंथात हाच भेद मांडला. युद्ध पुकारणं न्याय्य आहे का, याचा जाब राज्यकर्त्यांना विचारायचा. युद्धात कसं वागलात, याचा सैनिकाला.

यावर जेफ मॅकमहान यांचा आक्षेप आहे. अन्यायाच्या बाजूनं लढणारा इतक्या सहज कसा सुटतो? हा आक्षेप झटकून टाकता येत नाही. न्यूरेंबर्गच्या खटल्यात 'वरून हुकूम होता' एवढ्यावर कुणाची सुटका झाली नाही. म्हणून साथ म्हणजे सैनिकाच्या प्रत्येक कृतीला मान डोलावणं नव्हे.

पण हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळले की काय होतं, तेही पाहा. जुलै १९८७ मध्ये आपली शांतिसेना श्रीलंकेत गेली. तिथं सुमारे १२०० जवान गेले. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी मद्रासला उतरली, तेव्हा मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत. तिथल्या तमिळांचे हाल झाले, हे त्यांचं दुखणं खरंच होतं. पण सैन्य पाठवायचं ठरलं दिल्लीत, आणि पाठ फिरवलेली दिसली ती बंदरावर उतरलेल्या जवानाला.

आता मूळ प्रश्नाकडं येऊ. १९४० मध्ये निर्णय परक्यांचा होता. आज सरकार आपण निवडतो. सेवेतल्या जवानाला धोरणावर जाहीर बोलायला नियमानं मनाई आहे. कुठं जायचं हे तो ठरवत नाही, आणि का जायचं हे त्याला चारचौघांत विचारता येत नाही. मग त्याच्या वतीनं विचारणार कोण? ते काम आपलं. स्टेटसला तिरंगा लावून ते उरकत नाही. जखमी जवानाची पेन्शन अडली तर खेटे घालायचे, आणि त्याला कुठं पाठवताय याचा जाबही विचारायचा. दोन्ही आपणच करायचं.

म्हणून त्या बापाला आम्ही सांगू, तुमचा पोरगा त्याचं काम करतोय. आपण आपलं करतोय का, तेवढं बघू.