सहा मिनिटांची चाल

आमच्या अम्मीने आयुष्यात कधी बिडी-सिगारेटला हात लावला नाही. पण लग्नानंतरची तीसेक वर्षं चुलीपुढे गेली. रमजानात सहरीच्या भाकऱ्या पहाटे तीनला थापायच्या, तेव्हा घरभर धूर असायचा. त्या धुराचा हिशेब पासष्टी उलटल्यावर लागला. डॉक्टरांनी नाव सांगितलं, सीओपीडी. म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद झालेल्या.

मागच्या रमजानमध्ये न्हाणीघरापर्यंत गेली तरी ती धापा टाकायची. आम्ही काय केलं? "अम्मी, आप बैठो." पाणी हातात, ताट हातात. ही खिदमतच तिला आणखी आजारी करतेय, असं फिजिओथेरपिस्ट मुलीने सांगितलं तेव्हा खरं तर मला रागच आला. पण तिचं म्हणणं पटण्यासारखं होतं. धाप लागते म्हणून माणूस हालचाल टाळतो. त्याने मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू अशक्त होतात. अशक्त पायांनी चाललं की धाप आणखी लवकर लागते, म्हणून तो आणखी बसून राहतो. व्यायामाने फुप्फुस पूर्ववत होत नाही, पाय सुधारतात; आणि पाय सुधारले की त्याच फुप्फुसावर माणूस जास्त चालतो.

आधी तपासणी झाली. बोटाला प्राणवायू मोजायचं यंत्र लावून सरळ व्हरांड्यात ६ मिनिटं चालायचं, किती मीटर झाले ते मोजायचं. अम्मी दोनदा थांबली. मग आठवड्यातून ३ दिवस, असे ८ आठवडे: चालणं, खुर्चीवरून उठणं-बसणं, हातात पाण्याच्या बाटल्या घेऊन दंड वर करणं. दम किती लागावा यालाही माप आहे. शून्य ते दहाच्या पट्टीवर तीन-चार. अजिबात दम न लागणं म्हणजे व्यायाम झालाच नाही! सगळ्यात उपयोगी पडली ती फुंकर. नाकाने श्वास घ्यायचा आणि ओठांचा चंबू करून, गरम चहावर फुंकर घालावी तसा सावकाश सोडायचा. उठताना, वजन उचलताना, म्हणजे जोर लागतो तेव्हा श्वास सोडायचा.

(हे वाचून कुणी उद्यापासून आजोबांना मैदानात पळवू नका. आधी डॉक्टर. छातीत दुखलं, चक्कर आली तर तिथेच थांबायचं.)

यंदाचा पेच रोज्यांचा होता. इन्हेलर दिवसातून अनेकदा लागतं, पाणीही हवं. आजारी माणसाला रोजातून सूट आहे आणि बरं होण्याची आशा नसेल तर रोजागणिक एका गरिबाचं जेवण, फिद्या, द्यायचा, हे अम्मीला माझ्यापेक्षा चांगलं माहीत. तरी पहिल्या दिवशी दुपारी ती भिंतीकडे तोंड करून जेवली. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तरावीह मात्र तिने सोडली नाही. घरीच, खुर्चीवर बसून सुरुवात केली. पाचव्या रात्री पाहिलं तर पहिल्या दोन रकअतींना ती उभी होती, आणि उठताना ओठांचा चंबू.

काल इफ्तारच्या आधी फळांचं ताट घेऊन मी समोरच्या काकूंकडे निघालो. अम्मीने ताट माझ्या हातातून काढून घेतलं. आमचा जिना १४ पायऱ्यांचा. मी खालून बघत राहिलो. सातव्या पायरीवर ती थांबली, फुंकर घातली आणि मला म्हणाली, "तू कशाला उभा आहेस? अजानची वेळ झाली, खजूर काढून ठेव."