नंबर सेव्ह आहे का?

'आपल्या लोकप्रिय दैनिकात प्रसिद्धी द्यावी, ही नम्र विनंती.' पुण्यातली निम्मी प्रसिद्धीपत्रकं अजून याच ओळीने संपतात. मी जनसंपर्काच्या कामाला लागले तेव्हा तो कागद हातानेच पोचवायचा असे. बुधवार पेठेत 'सकाळ', नारायण पेठेत 'केसरी', मग बाकीची कार्यालयं, अशी स्कूटरवरून फेरी व्हायची. पाय दुखायचे, पण माणसं दिसायची. कोण वैतागलंय, कोणाच्या टेबलावर आधीच पत्रकांचा ढीग आहे, हे न विचारता कळायचं. आता तेच फोनच्या पडद्यावरून ओळखायचं असतं.

मधला काळ एसएमएसचा. इंग्रजीत १६० अक्षरं मिळायची, देवनागरीत ७०, आणि त्यात काना-मात्रासुद्धा वेगळी मोजली जायची. 'उद्या सकाळी ११ वा. पत्रकार भवन, गांजवे चौक' एवढ्यातच निम्म्याहून जास्त जागा संपे. म्हणून सगळे मराठीच रोमन अक्षरांत लिहायचे. सप्टेंबर २०११ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने एका सिमवरून दिवसाला १०० एसएमएसची मर्यादा घातली, पुढे ती २०० केली; तेव्हा आमच्यातल्या कित्येकांना पहिल्यांदाच प्रश्न पडला, की हा मेसेज नक्की कोणाला पाठवायला हवा? प्रश्न चांगला होता. व्हॉट्सअॅप आलं आणि तो विचारायची गरजच संपली.

व्हॉट्सअॅपने एक काम मात्र मोठं केलं. पूर्वी ई-मेलमधला मजकूर श्रीलिपीत असला आणि समोर तो फॉन्ट नसला, की नुसती गिचमिड दिसे. आता युनिकोड मजकूर बातमीदार थेट उचलून बातमीत चिकटवतो. त्यामुळे आमची चूकही थेट छापली जाते. 'कुळकर्णीं'चं 'कुलकर्णी' झालं, की सकाळी सात वाजता फोन येतो, आणि तो पत्रकाराला नव्हे, आम्हाला येतो. म्हणून पत्रक गेल्यावर पाच मिनिटांत 'दुसऱ्या परिच्छेदातलं नाव असं वाचावं' हा मेसेज पाठवायची लाज वाटता कामा नये. उपसंपादकाच्या लक्षात राहते ती हीच सवय. पत्रकं सगळेच पाठवतात, दुरुस्ती फार थोडे.

आमच्याकडे नव्याने आलेल्या मुलीने परवा मेसेज लिहिला: 'नमस्कार सर, सुप्रभात. आपणांस कळविण्यास अत्यंत आनंद होतो की, ज्येष्ठ नागरिकांसाठी आमच्या संस्थेच्या वतीने एका आगळ्यावेगळ्या उपक्रमाचे...' फोन न उघडता दिसतात त्या दोन ओळी आनंदातच खर्ची पडल्या होत्या. तासाभराने उरलं ते असं: 'कोथरूडमध्ये ज्येष्ठांसाठी रात्रीची रिक्षा, सोमवारपासून. चालवणारे रिक्षाचालक उद्या ४ वाजता कर्वे पुतळ्यापाशी भेटतील, फोटो तिथेच मिळेल. आणखी कोणाशी बोलायचं ते सांगा.' तिने विचारलं, 'सर नको का लिहायला?' म्हटलं, लिही की, पण एकदाच. पुण्यात पंचविशीतला बातमीदारही 'सर' असतो आणि साठीतला छायाचित्रकारही. वर्षा-दोन वर्षांनी एखादा स्वतःच म्हणतो, 'अहो, सर काय, नावाने हाक मारा.' आमच्या धंद्यातली बढती म्हणायची ती हीच.

आता यादीबद्दल. नव्या माणसाला ब्रॉडकास्ट लिस्ट फार आवडते: एका यादीत २५६ जण, एक बोट आणि काम फत्ते. पण ज्याच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह आहे, त्यालाच तो मेसेज पोचतो. बाकीच्यांच्या नावापुढे एकच राखाडी टिक अडकून बसते. आपल्याला किती जण ओळखतात, याचा इतका निर्दय हिशेब दुसरा कुठला नसेल. आणि नंबर सेव्ह करून घ्यायची युक्ती नसते. काहीही मागायचं नसताना जो मेसेज गेलेला असतो, त्यातून तो सेव्ह होतो. बातमीदाराला एखाद्या विषयातला जाणकार हवा असतो, तो आपला ग्राहक नसतो, तरी आपण त्याला विचारून नंबर जोडून देतो. बातमीदाराची बीट, म्हणजे नेमून दिलेला विषय, बदलली की जुन्या विषयाची पत्रकं पाठवणं त्याच दिवशी थांबवतो. गुन्हेवार्ता बघणाऱ्याला पुस्तक प्रकाशनाची निमंत्रणं तीन-तीन वर्षं जात राहतात, याहून मोठा अपमान नाही. फुलांचे सुप्रभात संदेश मोजायचेच कशाला, ते म्यूटमध्येच जातात.

वेळेचंही एक पंचांग असतं. वृत्तपत्राच्या सकाळच्या बैठकीआधी गेलेला विषय तिथे निघतो. संध्याकाळी सातनंतर सगळे पानात गुंतलेले. त्या वेळी 'सर, बातमी लागेल ना?' विचारणाऱ्याची बातमी लागत नाही. रविवारी सरकारी कचेऱ्या बंद, म्हणून सोमवारच्या अंकात जागा असते. शनिवारी दुपारीच तयारीचा मजकूर देणारा माणूस डेस्कला देवमाणूस वाटतो.

ही सगळी विद्या एकाच दिवशी पाहायची असेल, तर अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रस्त्यावर उभं राहावं. पुण्यातल्या बऱ्याच मंडळांना प्रसिद्धीप्रमुख असतो. त्याने जनसंपर्काची पदविका घेतलेली नसते. एरवी तो दुकान चालवतो किंवा बँकेत असतो. मंडईतून मिरवणूक निघते आणि अलका चौकाकडे सरकत राहते. ढोल-ताशात फोन ऐकू येत नाही, गर्दीने नेटवर्क कोलमडतं, फोटो अर्ध्यात अडकतो. मुरलेला प्रसिद्धीप्रमुख तेव्हा फोटोच्या नादी लागत नाही. 'बेलबाग चौक ओलांडला, ४.१०. पुढे दोन पथकं' एवढंच टाकतो. रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला उभ्या बातमीदाराला तेवढंच हवं असतं. फोटो रात्री नीट, ओळीसह: डावीकडून कोण कोण. आमच्यापैकी कित्येकांनी त्यांच्याकडे शिकवणी लावावी.

काही गोष्टी मात्र टाइप करायच्याच नाहीत. 'हे छापू नका, पण...' असं लिहिलेलं वाक्य स्क्रीनशॉट होऊन फिरतं. ते बोलायचंच असेल तर चहाला भेटावं. पाठवलेला मेसेज सर्वांसाठी डिलीट करण्याची सोय २०१७ मध्ये आली, पण तिची खूण मागे राहते. पत्रकारांच्या ग्रुपवर ती खूण दिसली, की मूळ मेसेजपेक्षा जास्त फोन येतात.

खरी परीक्षा ग्राहकाकडे काही वाईट घडलं की होते. कारखान्यात अपघात, शाळेच्या बसचा गोंधळ, असं काही. व्यवस्थापन म्हणतं, 'आत्ता कोणाचे फोन घेऊ नका.' त्याच वेळी पंधरा बातमीदारांना त्यांचे मेसेज आपण वाचल्याच्या निळ्या टिक दिसत असतात. अशा वेळी मी लिहिते: 'घटना घडली आहे. अधिकृत माहिती सहा वाजता देते.' सहाला हातात काहीच नसलं तरी मेसेज जातोच: 'तपशील अजून आलेला नाही, साडेसातला कळवते.' साडेसातची ओळ बातमीत बसते. त्या ओळीच्या भरवशावर डेस्क चार ओळींची जागा ठेवतं, हे मी पाहिलेलं आहे. गप्प बसलं, तर रात्री दहाला व्यवस्थापनाने मंजूर केलेलं दोन पानी निवेदन येतं, तोवर पान गेलेलं असतं आणि त्यात छापलेलं असतं: 'वारंवार संपर्क साधूनही प्रतिक्रिया मिळू शकली नाही.'